चकली खारट झाली तेव्हा: किरणोपचार आणि चवीचं एक प्रकरण

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंच्या घरी तीन किलो चकली परत आली. इंदूरच्या सुदामानगरातलं घर, बावीस वर्षांचा घरगुती फराळाचा उद्योग, आणि गिऱ्हाईक म्हणजे लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, रामबाग इथली ओळखीची मराठी कुटुंबं. अशा गिऱ्हाइकांकडून माल परत येत नसतो. फार तर पुढच्या वर्षी ऑर्डर येत नाही. इथे मात्र एक बाई डबा घेऊन आल्या आणि अवघडून म्हणाल्या, "काकू, या वेळी जरा मीठ..." काकूंनी चकलीचा तुकडा चुरून जिभेवर ठेवला. त्यांना तो बरोबर लागला. खरं तर थोडा अळणीच.

त्याच संध्याकाळी सुनेचा मला फोन. "मॅडम, आईंना मीठ कळूनच नाही राहिलंय. पण त्यांना हे सांगणार कोण?"

मी आहारतज्ज्ञ आहे. इंदुरात कर्करोगाच्या रुग्णांचं खाणंपिणं बघते. 'तोंडाला चव नाही' हे वाक्य मी रोज ऐकते, आणि बरीच वर्षं मी त्यावर एकच उत्तर देत आले होते: शेक (म्हणजे किरणोपचार) चालू आहेत तोवर असं होणार, नंतर येईल. काकूंनी पुढच्या वर्षभरात ते वाक्य मला पाच वेळा ऐकवलं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधीचं थोडं

काकूंचं वय 56. माहेर बऱ्हाणपूरकडचं, तिथून आलेली मिश्रीची सवय. "तंबाखू कुठे खाते मी, दात घासते," असं त्या अगदी मनापासून सांगायच्या. डाव्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना, तपासणीत कर्करोग निघाला. गणपतीच्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली. गालाचा तो भाग काढला आणि मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढल्या. एका गाठीत रोग होता, पण तो गाठीच्या आवरणाबाहेर पडलेला नव्हता आणि कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. त्यामुळे केमो नको, नुसते किरणोपचार: एकूण 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, तीस वेळा. इंदुरात याला सगळे 'सिकाई' म्हणतात, मराठी घरांत 'शेक'. शेकायला तिथे काहीच नसतं. प्लॅस्टिकच्या जाळीचा मास्क तोंडावर घट्ट बसवून काही मिनिटं निपचित पडून राहायचं, एवढंच. पण शब्द रुळलाय.

एक तपशील पुढे कामाला येतो. मानेतल्या गाठी काढताना त्या बाजूची जबड्याखालची लाळग्रंथीही बहुधा निघते. काकूंचीही निघाली होती. आपण काही खात नसताना तोंड ओलं ठेवते ती मुख्यतः याच ग्रंथींची लाळ. म्हणजे पहिला शेक बसायच्या आधीच एक नळ बंद झालेला होता.

शेक सुरू झाले दसऱ्यानंतरच्या सोमवारी. त्याआधी मी त्यांना एकदाच भेटले होते आणि आमच्याकडे सगळ्यांना देतो तो छापील कागद दिला होता. त्यात लिंबू चोखा, लोणचं घ्या, चव वाढवायला मसाले वापरा, मांस मुरवून शिजवा असं सगळं होतं. काकूंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "मॅडम, आम्ही मांस खात नाही. मुरवू काय, दुधी?" तेव्हा मी हसले. तो कागद मी स्वतः एकदाही नीट वाचलेला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

आठव्या शेकाला एवढं?

चकली झाली तेव्हा आठ शेक झाले होते, म्हणजे 16 ग्रे. जिभेवरच्या चवकळ्यांमधल्या पेशी साधारण दहा दिवस जगतात. जुन्या मरतात, तळाच्या पेशी विभागून नव्या तयार होतात. किरणांचा घाव मुख्यतः या विभागणाऱ्या पेशींवर बसतो. काकूंना मी हे त्यांच्याच भाषेत सांगितलं: कढईतला आधीचा घाणा ताटात आहे तोवर ताट भरलेलं दिसतं, पण नवा घाणा पडतच नसेल तर दहा-बारा दिवसांत ताट रिकामं. म्हणून पहिल्या आठवड्यात रुग्ण म्हणतो, मला काहीच होत नाहीये, आणि दुसऱ्याच्या शेवटी किंवा तिसऱ्यात एकदम म्हणतो, चहा गरम पाण्यासारखा लागतो.

हिशेबाने काकूंची जीभ तेव्हा ढिली पडायला नुकती सुरुवात व्हायला हवी होती. चकलीच्या पाण्यातलं मीठ साफ चुकेल इतकी नाही. चकली करणाऱ्यांना ठाऊक आहे, भाजणी भिजवायचं उकळतं पाणी चाखूनच मिठाचा अंदाज घेतात. ते जरा जास्त खारट लागलं पाहिजे, कारण पुढे पिठात ते मुरतं. काकूंनी ते पाणी चाखलं, फिकं लागलं, म्हणून एक चमचा वाढवला. पुन्हा फिकं, पुन्हा चमचा. शेव मात्र त्याच दिवसाची आणि ठीक होती. तिचं मीठ सुनेने घातलं होतं.

मी घरी गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर, पाण्याच्या फिल्टरशेजारी, गुळण्यांच्या औषधाची बाटली होती. क्लोरहेक्सिडिन. शेकांआधी दंतवैद्यांनी काकूंचे दोन खराब दात काढले होते. हे आधीच करतात, कारण शेकानंतर जबड्याचं हाड दात काढल्याची जखम भरायला फार त्रास देतं. तेव्हा आठवडाभरासाठी म्हणून हे औषध लिहून दिलं होतं. बाटली संपली, मुलाने दुसरी आणली, मग तिसरी. तोंडाच्या आजाराचं औषध, चांगलंच असेल, असा सरळ हिशेब. दिवसातून दोनदा, महिनाभर.

क्लोरहेक्सिडिन चव बदलतं, आणि त्यातही खारटपणाची जाण विशेष मंदावतं. ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. शेकाने तोंड येऊ नये म्हणूनही ते वापरू नये असाच सल्ला आहे. त्यांच्या किरणोपचाराच्या डॉक्टरांना विचारून ते बंद केलं आणि साधी गुळणी सुरू केली: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा, दर दोन-तीन तासांनी. पाचव्या दिवशी सून म्हणाली, आईंना आमटीतलं मीठ पुन्हा थोडं कळतंय. तेवढ्यात तिसरा आठवडा संपला आणि शेकांनी आपलं काम सुरू केलं, ती गोष्ट वेगळी. पण चकलीचा दोष निम्मा तरी त्या बाटलीचा होता असं माझं मत आहे. काकूंना ते फार महत्त्वाचं वाटलं. "म्हणजे माझा हात नाही गेला," असं त्या दोनदा म्हणाल्या.

सहा वाट्या

चौथ्या आठवड्यात, सतराव्या शेकाच्या दिवशी, मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सहा वाट्या मांडल्या. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ, अर्धा चमचा मीठ, एक चमचा मीठ; एक चमचा साखर; रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी; आणि साधं पाणी. आंबट मुद्दाम ठेवलं नव्हतं, तोंड आलेलं होतं. घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, साध्या पाण्याने चूळ भरायची, मग पुढची वाटी. वाटीत काय आहे ते सांगायचं नाही. शेजारी काका बसवले, निरोगी जीभ म्हणून.

काकांनी पाव चमच्यालाच तोंड वाकडं केलं. काकू पाव चमच्याला म्हणाल्या, पाणी. अर्ध्याला, पाणी. एका चमच्याला जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हे जाड आहे. पण मीठ नाही म्हणणार मी." साखर: "पाणी, पण बरं आहे." मेथी: "हे नको." कडू का, विचारलं तर म्हणाल्या, "कडू नाही. नको."

मग बडीशेप. इंदुरात पोह्यांत घालतात म्हणून ती घरात असतेच. थोडी कुटून दिली, नाक चिमटीत धरून तोंडात घोळवायला सांगितली. काही नाही. नाक सोडलं तसे डोळे मोठे झाले. "शेप!" सहा वाट्यांच्या खेळातला हा एकच आनंदाचा क्षण, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. जीभ ओळखते ती खारट, गोड, आंबट, कडू आणि डाळी-टोमॅटोतली ती मांसल गोडी, जिला जपानच्या किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये उमामी नाव दिलं. बाकी जिरं, हिंग, केशर, तूप, सगळा नाकाचा कारभार. काकूंचं नाक शाबूत होतं.

आणि तिखट? ते तर चवच नाही. मिरची लागते ती उष्णतेच्या आणि दुखण्याच्या जाणिवेला. मिरचीतला तिखट पदार्थ मज्जातंतूंवरचं जे दार उघडतो ते 1997 मध्ये सापडलं, आणि त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. हे सांगण्याचं कारण ओपीडीत रोज दिसतं. मीठ मरतं, गोड मरतं, पण तिखट जिवंत राहतं, कारण त्याची तार वेगळी. मग घरचे म्हणतात, "तिखट तरी कळतं ना, मग ठेचा द्या." आलेल्या तोंडावर ठेचा. माझ्या छापील कागदातली लिंबाची आणि लोणच्याची ओळ यापेक्षा फार शहाणी नव्हती. काकूंनी ती पाळली होती. तिसऱ्या आठवड्यात लिंबाची फोड चोखून रात्रभर झोपल्या नव्हत्या. हे त्यांनी मला महिन्याने सांगितलं, तेही मी विचारल्यावर.

मिठाची पिशवी

वाट्यांच्या दिवशी काका शेजारी बसले होते म्हणून सहज त्यांचं बीपी पाहिलं. 168/100. गोळी चालू असताना. पाय थोडे सुजलेले.

घरात पाच माणसं. शस्त्रक्रियेपासून स्वयंपाक सून करायची, पण काकू ओट्याशी येऊन आमटी चाखायच्या आणि म्हणायच्या, "अळणी आहे गं." सासूबाई आजारी, त्यांना एवढं तरी चवीचं मिळू दे म्हणून सून मीठ वाढवायची. तेच सगळ्यांच्या ताटात. मुलगा आणि नात कुरकुरायचे, काका मुकाट्याने खायचे. मी सुनेला विचारलं, मिठाची पिशवी किती दिवसांत संपते? एरवी एक किलोची पिशवी तीन आठवडे पुरायची. या खेपेला बारा दिवसांत संपली होती. फराळ आधीच उरकला होता आणि गुळण्यांचं मीठ धरलं तरी दिवसाला पाचेक ग्रॅम. म्हणजे माणशी रोज पंधरा ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जात होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते पाच ग्रॅमच्या आत.

वाट्यांनी युक्तिवाद सोपा केला. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ ज्यांना 'जाड' लागतं, त्यांना आमटीत अर्धा चमचा वाढवून काय मिळणार? काहीच नाही. मिळतं ते काकांच्या रक्तदाबाला. तेव्हापासून त्या घरात मीठ जिभेने घालणं बंद झालं. चमचा मोजून, आमटीला इतकं, भाताला इतकं, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाप्रमाणे. काकूंनी चाखायचंच नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्या माझ्याशी पंधरा दिवस नीट बोलल्या नाहीत. ज्या बाईने बावीस वर्षं दुसऱ्यांना मीठ सांगितलं तिला तिच्याच ओट्यावरून उठवलं होतं मी. दुसरा मार्ग मला अजूनही सुचलेला नाही. काकांचं बीपी तीन आठवड्यांनी 138/84 आलं, त्याच गोळीवर.

काय खाल्लं

चव नाही म्हटल्यावर उरतं काय? वास, गारवा, ऊब, मऊपणा. त्यावरच सगळं रचलं. आरंभी 61 किलो वजन होतं, त्या हिशेबाने दिवसाला 1800 कॅलरी आणि 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवी होती. चौथ्या आठवड्यात त्या जेमतेम 900 कॅलरी घेत होत्या. पोळी बंद पडली होती. "ओला कागद चावून राहिले आहे असं वाटतं," म्हणाल्या. मऊ खिचडी मिक्सरमधून, वर तुपात जिऱ्या-हिंगाची फोडणी. मिरची नाही, वास मात्र भरपूर. फोडणी आयत्या वेळी, त्यांच्यासमोर, म्हणजे चर्र झाल्याबरोबर ताट पुढ्यात. मुगाच्या वरणात कुस्करलेलं पनीर. दुधात दुधाची पावडर; 30 ग्रॅम स्किम पावडरने दहाएक ग्रॅम प्रथिनं वाढतात आणि चवीचा प्रश्नच नसल्यामुळे पावडरीची चवही आड येत नाही. हा या आजाराचा एकमेव फायदा म्हणायचा.

पण खरी तारली ती शिकंजीने. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, थोडा मठ्ठा, केशर, वेलची, सुकामेवा. गार आणि दाट, रबडी आणि लस्सीच्या मधली. काकांनी एक दिवस बाजारातून आणली, स्वतःसाठी. काकूंनी दोन चमचे घेतले आणि ग्लास आपल्याकडे ओढला. गार असल्यामुळे तोंडाला बरं वाटलं, दाट असल्यामुळे घशात घसरली, वेलची-केशर नाकाला कळलं. आंबटपणा इतका थोडा की झोंबला नाही. मग घरीच करायला लागलो, सुकामेवा अगदी बारीक पूड करून, मठ्ठा नावापुरता. दिवसाला तीन ग्लास. साखर दातांना वाईट, त्यातून लाळ कमी, म्हणून प्रत्येक ग्लासानंतर गुळणी आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट, हे कटाक्षाने.

तरी वजन 55 वर आलंच. मास्कमध्ये गालाशी बोट जाईल एवढी फट पडली, तंत्रज्ञांच्या ते लक्षात आलं आणि पुन्हा स्कॅन करून नवा मास्क केला. मास्क सैल झाला की किरण नेमक्या जागी पडत नाहीत. लोकांना वाटतं आहारतज्ज्ञ वजनाचा नुसता हट्ट धरतात.

याच सुमारास तिसऱ्यांदा 'चव': "आता तोंडात सारखं फाटलेल्या दुधाची चव." चव *नाही* अशी तक्रार ही नव्हती, चव *आहे* अशी होती. टॉर्च लावून पाहिलं तर टाळ्यावर पांढरे ठिपके, बोळ्याने पुसले की निघणारे, खाली लाल. बुरशी. लाळ कमी झालेल्या तोंडात ती लगेच घर करते. डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध दिलं, आठवड्यात फाटलेलं दूध गेलं. मी मात्र आधी दोन दिवस फोनवर "शेकामुळे होतं असं" म्हणून मोकळी झाले होते.

शेक संपले, आणि मग

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसावा शेक झाला. घरात पेढे वाटले. कोणी सांगत नाही ते हे, की त्यानंतरचे दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात. तोंडाची आग शेवटच्या शेकाबरोबर थांबत नाही. डिसेंबरच्या मध्यापर्यंत जखमा भरल्या, दुखणं थांबलं, आणि तिथून दुसराच वनवास सुरू झाला. आता दुखत नाही, मग का खात नाही? मुलगा चिडायचा. सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातून, गराडू आणायचा, हिवाळ्यातली ती तळलेली कंदाची फोड, जी आईला एकेकाळी आवडायची. काकू एक फोड घ्यायच्या, त्याचं मन राखायला, आणि पदरात ठेवायच्या.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. काकूंनी वडीचा तुकडा तोंडात घोळवला. बराच वेळ.

"तीळ कळून राहिलाय," त्या म्हणाल्या. "गूळ कुठे गेला?"

भाजलेल्या तिळाचा वास नाकाने पकडला होता. गुळाची गोडी जिभेने पकडायची, ती नव्हती. वजन 54.2. एवढं खाली ते शेक चालू असतानाही गेलं नव्हतं.

मुलाने ऑनलाइन जस्ताच्या गोळ्या मागवल्या होत्या. जस्त कमी पडलं की चव मंदावते हे खरं, म्हणून शेकातही त्याचा उपयोग व्हावा अशी आशा फार जणांना होती. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना शेकांच्या काळात 45 मिलिग्रॅम झिंक सल्फेट दिवसातून तीनदा देऊन पाहिलं. खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. शिवाय जस्त फार दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. मी मुलाला एवढंच म्हटलं, रक्तात कमी आहे का ते बघ, असेल तर डॉक्टर देतील. त्याला ते पटलं नाही. आईसाठी काहीतरी *करायला* हवं होतं त्याला. शेवटी त्याला दुसरं काम दिलं: दर रविवारी बोळ्याची चाचणी.

बोळ्याची चाचणी अशी. कापसाचा बोळा साखरेच्या दाट पाण्यात बुडवायचा, जिभेच्या उजव्या कडेला टेकवायचा. तोंड उघडंच ठेवायचं. कळलं का? बोट वर, नाही तर बोट खाली. चूळ. मग डावी कड. मग मिठाच्या पाण्याने तेच. काकूंचा रोग डावीकडचा, किरणांचा मारा डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. म्हणून उजवीकडे चव आधी परतेल अशी मला शंका होती.

शेक संपल्यानंतरच्या दहाव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. "मॅडम, उजवीकडे साखर! डावीकडे नाही. तीनदा करून बघितलं." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. काकू शस्त्रक्रियेनंतर सवयीने घास जिभेच्या मध्यावर घेऊन गिळून टाकत. आता त्यांना सांगितलं, घास उजवीकडे फिरवा, तिथे थोडा थांबवा, सोबत घोटभर पाणी घ्या. चव कळायला पदार्थ आधी विरघळावा लागतो आणि तुमची लाळ तेवढं पाणी पुरवत नाही. चौथी 'चव नाही' ही अशी अर्धी कोरडेपणाची होती. पंधरा दिवसांत खीर 'खीर' लागायला लागली. कोरडी पोळी मात्र नाहीच. वरणात बुडवलेली, उजवीकडून.

पाडव्यानंतर सगळं कडू

गुढीपाडव्याला कडुनिंबाची गोळी कडू लागली म्हणून घरात कौतुक झालं. आठवड्याभराने काकूंचा घाबरलेला फोन. पाणीसुद्धा कडू, तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं. "परत आला का गं?" हा प्रश्न त्यांनी आजाराबद्दल विचारला होता, चवीबद्दल नाही.

या वेळी मी "होतं असं" म्हटलं नाही. गेल्या दहा दिवसांत नवीन काय घेतलं ते विचारलं. पोट बिघडलं होतं, गल्लीतल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं होतं. या औषधाने तोंड धातूसारखं कडू पडतं, ज्यांना कधी शेक झालेले नाहीत त्यांचंही. गोळ्यांचे दोन दिवस उरले होते, ते पूर्ण केले. चारेक दिवसांत पाणी पुन्हा पाणी झालं. तरी मी त्यांना कर्करोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलंच, तपासणीची तारीख जवळ होती. तोंड आणि मान स्वच्छ होती.

उन्हाळ्यात पोह्यांवर चिमूटभर जीरावन (इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) घालून बघितलं. झोंबलं, पण मिनिटभरच. शेव पोह्यांत आधी भिजवून. जुलैत चहात साखर जास्त झाली म्हणून त्यांनी सुनेला टोकलं, आणि सून ते मला सांगताना रडत होती.

पुढची दिवाळी

शेक संपून वर्ष होत आलं होतं. वजन 58. वाट्या पुन्हा मांडल्या. पाव चमचा मीठ: "मीठ, पण लांबून." अर्धा चमचा बरोबर ओळखला. साखर, मेथी बरोबर. आंबट कळतं, पण चिंच आणि लिंबू यांतला फरक अजून धूसर. बोळ्याने उजवी कड जवळजवळ पूर्वीसारखी. डावी कड मिठाला बोट वर, साखरेला अजूनही खाली. बहुतेकांची चव सहा महिने ते वर्षभरात बरीचशी परतते. काहींची पूर्ण परतत नाही. काकूंच्या डाव्या कडेबद्दल मी त्यांना कसलंही वचन दिलेलं नाही.

भाजणीचं मीठ आता वहीत आहे. किलोला 20 ग्रॅम, छोट्या वजनकाट्यावर मोजून. बावीस वर्षांत हे माप कधी कुठे लिहिलेलं नव्हतं. सुनेने ते काकूंच्या मुठीतून, पाच-सहा वेळा मूठ वजन करून, काढलं. उकळतं पाणी दोघी चाखतात. आधी सून, मग काकू, उजवीकडून.

गेल्या वर्षी डबा परत आणणाऱ्या बाईंची ऑर्डर या वेळी चार किलोची होती. काकूंनी पिशवी बांधायच्या आधी एक चकली वेगळी काढून कागदावर ठेवली. "आधी तिला खाऊ दे," म्हणाल्या, "मग पैसे घे."